कर्नल अपग्रेडनंतर सीपीयू ९० टक्क्यांवर, सगळ्यात वर केवर्कर : मूळ शोधायचं कसं?

अक्षरजुळणी · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे, इंटेलचा आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम. पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी याच मशीनवर करते. स्क्रायबस आणि लिब्रेऑफिस दिवसभर उघडं असतं. परवा अपडेट झाले, त्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा, हार्डवेअर हाताळणारा भाग) ६.५ वरून ६.८ वर गेला. तेव्हापासून काहीही न उघडता नुसता लॉगिन केला तरी पंखा भणाणत राहतो, तळहाताखाली लॅपटॉप तापतो आणि बॅटरी निम्म्या वेळात खाली येते.

सिस्टिम मॉनिटरमध्ये माझा एकही प्रोग्रॅम वर दिसत नाही. टर्मिनलवर टॉप (चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवलं तर पहिल्या ओळीत 'केवर्कर/०:२+केएसीपीआयडी' ८० ते ९० टक्के, त्याखाली 'आयआरक्यू/९-एसीपीआय' १२-१५ टक्के. केवर्कर किल करून पाहिला, जागचा हलत नाही.

रीस्टार्ट करून ग्रबच्या (सुरू होताना कर्नल निवडायच्या मेनूच्या) ॲडव्हान्स्ड यादीतून जुना ६.५ निवडला की सगळं शांत. म्हणजे दोष कर्नलचाच ना? दिवाळी अंकांची कामं हातात आहेत, मशीन फॉरमॅट करायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा. कुणी नीट वाट दाखवेल का?


फुलस्पीड · सोमवार, रात्री ९:५८

ताई, सोपं आहे. ग्रबच्या ओळीत मिटिगेशन्स=ऑफ टाका आणि अपडेट-ग्रब चालवा. स्पेक्टर-मेल्टडाउनच्या (प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींच्या) पॅचेसमुळे प्रत्येक नवा कर्नल मशीन हळू करतो. माझ्याकडे सगळीकडे हेच केलंय.


घाटमाथा · सोमवार, रात्री ११:०५

ताई, अजून काहीही बदलू नका. फॉरमॅट तर मुळीच नको. तुम्ही दिलेल्या दोन ओळींतच निम्मं उत्तर आहे.

आधी फुलस्पीड यांना : लक्षणं जुळत नाहीत. जानेवारी २०१८ नंतर आलेले ते बचाव प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातल्या ये-जा वर खर्च वाढवतात. तो भार मशीन काम करत असतं तेव्हाच पडतो, आणि सगळ्या कामांवर थोडाथोडा विभागला जातो. इथे मशीन रिकामं आहे आणि एकच कोअर भरलाय. शिवाय ज्या लॅपटॉपवर दिवसभर ब्राउझर उघडा असतो आणि लोकांनी पाठवलेल्या फायली उघडल्या जातात, त्याचे बचाव काढून टाकणं मला अजिबात पटत नाही. कुणी नवखा हा धागा वाचून तसं करेल, म्हणून स्पष्ट लिहितोय.

आता केवर्कर. हा एखादा प्रोग्रॅम नाही. कर्नलच्या वेगवेगळ्या भागांना बरीच कामं 'हातातलं झाल्यावर कर' म्हणून बाजूला टाकायची असतात. ती ज्या थ्रेडवर (कर्नलच्या आतल्या कामकऱ्यावर) चालतात ते केवर्कर. म्हणून 'केवर्करने सीपीयू खाल्ला' एवढ्याने काहीच कळत नाही. काम कुणी टाकलं ते शोधायचं, आणि त्याचा पत्ता नावातच असतो. 'केवर्कर/०:२' मधला पहिला आकडा सीपीयूचा, दुसरा त्या वर्करचा. पहिल्या आकड्याच्या जागी 'यू८' असं काही दिसलं तर तो थ्रेड एका सीपीयूला बांधलेला नाही. शेवटी 'एच' असेल तर वरच्या प्राधान्याचा. ४.१८ पासून, म्हणजे २०१८ पासून, पुढे कामाच्या रांगेचं नावही दिसतं. मध्ये अधिक चिन्ह असेल तर ते काम या क्षणी चालू आहे, वजा असेल तर त्याने शेवटचं केलेलं काम ते होतं.

तुमच्याकडे अधिक चिन्हानंतर 'केएसीपीआयडी' आहे. ही एसीपीआयची रांग. झाकण मिटलं, चार्जर काढला, बॅटरी उतरली, अशा गोष्टी बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर) आणि कर्नल एकमेकांना कळवतात ती ही व्यवस्था. तुमच्याकडे नेमका सीपीयू शून्यच भरलाय, हाही योगायोग नव्हे. एसीपीआयच्या घटनांची कामं कर्नल मुद्दाम शून्य क्रमांकाच्या सीपीयूवर टाकतो, कारण काही मशीनचं फर्मवेअर दुसऱ्या सीपीयूवरून हाक मारली तर बिघडतं.

आणि 'आयआरक्यू/९-एसीपीआय'. ६.८ मध्ये एसीपीआयचा इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला मारलेली हाक) थ्रेडवर हलवला गेला. पूर्वी हाच वेळ इंटरप्टच्या खात्यात जायचा, टॉपच्या यादीत नावाने दिसत नसे. त्यामुळे '६.५ वर ही ओळ नव्हती' एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. दोन्ही कर्नलवर आकडे मोजा.

उद्या सवडीने एवढं बघा. (आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाका.) टॉपमधली टक्केवारीची पूर्ण ओळ द्या, म्हणजे यूएस (प्रोग्रॅम), एसवाय (कर्नल), डब्ल्यूए (डिस्क वगैरेची वाट), एचआय आणि एसआय (इंटरप्ट) सगळं. मग /प्रॉक/इंटरप्ट्स मधली ९ क्रमांकाची ओळ, थोड्या अंतराने दोनदा. मग /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स या फोल्डरमधल्या सगळ्या फायलींवर ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) चालवून ज्यांचा आकडा मोठा आहे त्या ओळी. ग्रेपची मोजणी ६.५ वर बूट करूनही करा. आणि /व्हार/लॉग/एपीटी/हिस्ट्री.लॉग उघडून त्या दिवशी कर्नलबरोबर आणखी काय काय बदललं ते लिहा. 'कर्नल अपग्रेड झाला' असं आपण म्हणतो, पण त्याच रांगेत लिनक्स-फर्मवेअर, मायक्रोकोड, कधी मेसा असं बरंच काही येऊन जातं.


सह्यवारा · मंगळवार, सकाळी ७:२०

वाचतेय. केवर्करच्या नावाचा अर्थ पहिल्यांदाच कळला, वाचनखूण साठवली.


अक्षरजुळणी · मंगळवार, दुपारी २:१५

घाटमाथा दादा, मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं.

टॉपची ओळ : यूएस १.८, एसवाय १३, आयडी (रिकामा) ८४, डब्ल्यूए ०.१, एचआय ०, एसआय ०.३. (आठ थ्रेडचा सीपीयू आहे, म्हणून एक पूर्ण भरला तरी एकूण १२-१३ च दिसतो असं समजले, बरोबर?)

९ क्रमांकाची ओळ : आकडा डोळ्यांदेखत पळतोय, दोन वेळा बघेपर्यंत हजारोंनी वाढला.

एसीपीआयच्या फोल्डरमध्ये बहुतेक फायलींत शून्य आणि 'इनव्हॅलिड'. 'जीपीई६ई' मध्ये २१२. आणि ही एक :

जीपीई६एफ : ४१८६२०३  एसटीएस  एनेबल्ड  अनमास्क्ड

चहा घेऊन आले तर ४२ लाखांच्या पुढे. मग ६.५ वर बूट केलं. तिथे याच ओळीत ३. तासाभराने पुन्हा पाहिलं, तरी ३.

हिस्ट्री.लॉगमध्ये त्या दिवशी लिनक्स-इमेज, हेडर्स, लिनक्स-फर्मवेअर आणि इंटेल-मायक्रोकोड अशी नावं आहेत. बायोस मी कधीच अपडेट केलेला नाही.


घाटमाथा · मंगळवार, सायंकाळी ६:५०

टक्केवारीचं बरोबर समजलात. म्हणूनच आलेखातला एकूण आकडा फसवा असतो, टॉपमध्ये १ दाबून प्रत्येक सीपीयू वेगळा बघावा.

चोर सापडला : जीपीई ६एफ. चिपसेटमधल्या निरनिराळ्या घटनांना क्रमांक दिलेले असतात, त्यातला हा एक. त्या क्रमांकाची घटना आली की बायोसमध्ये लिहिलेलं एक छोटं कार्य कर्नल चालवतो. त्या कार्याचं नाव 'एल' किंवा 'ई' या अक्षराने सुरू होतं आणि त्या अक्षरात सगळी गोम आहे. 'ई' म्हणजे सिग्नल बदलला त्या क्षणी एकदा. 'एल' म्हणजे सिग्नल जोवर वर आहे तोवर पुन्हा पुन्हा. दाराच्या घंटीचं बटण आत अडकून बसावं तसं : तुम्ही दार उघडून बघता, कुणी नाही, दार लावता, घंटी चालूच. कर्नल घटनेची नोंद पुसतो, बायोसचं कार्य चालवतो, पण सिग्नल वर धरून ठेवणारं मूळ कारण कुणीच मिटवत नाही, म्हणून लगेच पुढची घटना. दर सेकंदाला हजारो वेळा. तुमच्या ओळीतलं 'एसटीएस' तेच सांगतंय : वाचलं त्या क्षणीही घटना उभी होती.

६एफ हा क्रमांक इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर या दुखण्यात दिसतो, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. जुन्या मशीनवर दुसरे क्रमांक असतात. त्यामुळे हे वाचणाऱ्यांनी आंधळेपणाने ६एफ बंद करू नये, आपल्या फोल्डरमधला आकडा बघावा.

दोष कर्नलचाच का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : बायोस दोन्ही वेळा तोच, मशीन तेच, ६.५ वर आकडा ३ आणि ६.८ वर चाळीस लाख. म्हणजे फरक कर्नलने पडला हे नक्की. पण घटना पेरणारं कार्य बायोसमधलं आहे. बहुधा असं झालं असावं की एखादं उपकरण किंवा पिन जुना कर्नल ज्या अवस्थेत ठेवायचा त्या अवस्थेत नवा ठेवत नाही, आणि बायोसने तो प्रसंग गृहीत धरलेला नाही. दोघांच्या मधल्या फटीतला हा बिघाड आहे.

आता प्रयोग. आधी सुडो -आय ने रूट व्हा, मग 'डिसेबल' हा शब्द एको करून जीपीई६एफ या फायलीत लिहा. साध्या सुडो एकोने 'परमिशन डिनाइड' येतं, कारण फायलीत लिहिण्याचं काम सुडोच्या बाहेर, तुमच्याच शेलकडून होतं. रीस्टार्ट केलं की हा बदल आपोआप निघून जातो, त्यामुळे काही बिघडत नाही.

पंखा थांबला तर लगेच खूश होऊन कायमचं करू नका. तो क्रमांक कशासाठी होता ते माहीत नाही. झाकण मिटून उघडा, पॉवर बटण, चार्जर लावा-काढा, प्रकाश कमी-जास्त, स्लीपमधून उठणं, यूएसबी, टाइप-सी, कार्ड रीडर, सगळं एकेक तपासा.


डेटाबेसपाडा · मंगळवार, रात्री ८:३०

उत्तम चाललंय. सर्व्हरवाल्यांसाठी एक वेगळा प्रकार लिहून ठेवतो, कारण शीर्षक तेच आहे आणि कारण पूर्ण निराळं.

आमच्याकडे पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचा सर्व्हर. कर्नल बदलून रीस्टार्ट केल्यावर तेच व्यवहार, तेवढेच वापरकर्ते, पण सीपीयूचा एसवाय भाग दुप्पट-तिप्पट. टॉपमध्ये कुणी एक चोर नाही, सगळ्या पोस्टग्रेस प्रक्रिया थोड्याथोड्या वर. अशा वेळी टॉपचा उपयोग संपतो आणि पर्फ (सीपीयू कुठल्या कार्यात खर्च होतो ते दाखवणारं साधन) लागतं. पर्फ टॉप चालवलं आणि पहिल्याच ओळीत 'रीड_एचपीईटी'. तिथेच उलगडा झाला.

संगणकाला वेळ विचारण्याचे अनेक मार्ग असतात. सीपीयूच्या आतला टीएससी हा मोजक जवळजवळ फुकट : वीस-तीस नॅनोसेकंद, आणि कर्नलमध्ये शिरावंही लागत नाही. एचपीईटी हे सीपीयूबाहेरचं घड्याळ. एकेका वाचनाला मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ, प्रत्येक वेळी सिस्टिम कॉल, आणि अनेक कोअर एकदम विचारायला लागले की रांग. डेटाबेस तर सारखाच वेळ विचारतो. कर्नलमध्ये एक पहारेकरी असतो, तो टीएससी दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघतो. तफावत जास्त वाटली की लॉगमध्ये 'मार्किंग क्लॉकसोर्स टीएससी ॲज अनस्टेबल' अशी ओळ टाकून घड्याळ बदलतो. नव्या कर्नलवर बूट होताना नेमकं हेच झालं होतं.

तपासायला /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स वाचा. तिथे टीएससी हवं. पोस्टग्रेसबरोबर पीजी_टेस्ट_टायमिंग नावाचं साधन येतं, ते एका वेळ-वाचनाचा खर्च नॅनोसेकंदांत सांगतं. आमच्याकडे तो हजाराच्या वर होता, टीएससीवर आल्यावर तिसाच्या आत आला आणि एसवाय पूर्वीसारखा झाला.

उपाय म्हणून टीएससी=रिलायबल हा पर्याय बूटच्या ओळीत टाकता येतो, पण त्याने पहारेकरी गप्प होतो, घड्याळ सुधारत नाही. टीएससी खरंच घसरत असेल तर सर्व्हरची वेळ भरकटेल, आणि डेटाबेसच्या मशीनवर ते सीपीयूच्या टक्क्यांपेक्षा फार वाईट. आम्ही क्रोनीचा (वेळ जुळवणाऱ्या सेवेचा) ट्रॅकिंग अहवाल बरेच दिवस बघितला, वेळ स्थिर होती, मगच पर्याय कायम केला.


नदीकाठ · मंगळवार, रात्री ९:१०

माझं पण अपग्रेडनंतरच सुरू झालं, पण केवर्कर नाही. ग्नोम-शेल (डेस्कटॉप रंगवणारा प्रोग्रॅम) १५० ते २०० टक्के. खिडकी हलवली तरी अडखळते. एनव्हिडियाचं कार्ड आहे. हेच करू का?


सह्यवारा · मंगळवार, रात्री ९:३५

नदीकाठ, नाही, तुमचं वेगळं दिसतंय. जीएलएक्सइन्फो -बी चालवा आणि रेंडरर म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' येतंय का बघा. येत असेल तर ग्राफिक्स कार्ड वापरातच नाही, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका सीपीयू रंगवतोय.

कार्डाचा ड्रायव्हर डीकेएमएसने बसवला असेल तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल नव्याने बांधावं लागतं. त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फायली) नसतील तर ते बांधलंच जात नाही. डीकेएमएस स्टेटस बघा : जुन्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' असेल आणि नव्याची ओळच नसेल. हेडर्स टाका, डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल, रीस्टार्ट. मॉड्यूल बांधलं जाऊनही लोड होत नसेल तर सिक्युअर बूट चालू आहे का ते मोकयूटिल ने बघा. सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो.


नदीकाठ · मंगळवार, रात्री १०:०२

एलएलव्हीएमपाइपच होतं! हेडर्सचं पॅकेज नव्हतं. आता ग्नोम-शेल ३-४ टक्के. ताई, खूप खूप धन्यवाद.


कोकणकडा · बुधवार, सकाळी ८:४५

आणखी एक प्रकार, मारियाडीबी हा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी. २०२३ च्या मध्यावर आयओ-यूरिंगमध्ये (कर्नलच्या वाचण्या-लिहिण्याच्या, म्हणजे आयओच्या व्यवस्थेत) वाट बघण्याचा हिशोब बदलला. त्यानंतरच्या बऱ्याच कर्नलवर रिकामा बसलेला मारियाडीबीसुद्धा एक कोअर पूर्ण डब्ल्यूए मध्ये दाखवतो. देखरेखीचे आलेख लाल होतात, रात्री अलार्म वाजतात. पण डब्ल्यूए म्हणजे सीपीयू रिकामाच आहे, फक्त 'कुणीतरी आयओची वाट बघतंय' अशी नोंद आहे. आयओस्टॅटमध्ये डिस्क शांत असेल आणि मशीन तापत नसेल तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. अलार्मचा नियम बदला, डेटाबेसला हात लावू नका.

लोड ॲव्हरेजही (रांगेतल्या कामांची सरासरी) तसाच फसवा. लिनक्स त्यात डी अवस्थेतली, म्हणजे डिस्क किंवा एनएफएससाठी (नेटवर्कवरच्या साठ्यासाठी) अडकून पडलेली कामंही मोजतो. एनएफएसचं टोक गायब झालं तर लोड ४० आणि सीपीयू शून्य, असं चित्र दिसू शकतं.


अक्षरजुळणी · बुधवार, सकाळी ११:३०

झालं! डिसेबल लिहिल्यावर मिनिटभरात पंखा थांबला. केवर्कर यादीतून पार खाली गेला, आयआरक्यू/९ शून्यावर. इतके दिवस सगळी कामं त्या आवाजात चालली होती.

तपासणीही केली. झाकण, पॉवर बटण, चार्जर, प्रकाशाच्या कळा, हेडफोन, यूएसबी, कार्ड रीडर, सगळं चालतं. फक्त एक : टाइप-सीचा डॉक लॅपटॉप चालू असताना जोडला तर ओळखला जात नाही. आधी जोडून मग सुरू केला तर मोठा मॉनिटर दिसतो. आणि स्लीपमधून उठवल्यावर ६एफ पुन्हा 'एनेबल्ड' झालं, पंखा परत सुरू.


घाटमाथा · बुधवार, दुपारी १:१०

डॉकची ही माहिती मोलाची आहे. ६एफ तुमच्या मशीनवर टाइप-सी जोडणीची खबर आणतो, हे त्यातून कळलं. काही लॅपटॉपवर डॉक जोडल्याची वर्दी एसीपीआयमार्गेच येते.

स्लीपनंतर परत चालू होतं कारण उठताना कर्नल जीपीई नव्याने सक्षम करतो. म्हणून 'डिसेबल' ऐवजी 'मास्क' हवं. कायमचं करायला /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मधल्या लिनक्सच्या ओळीत एसीपीआय_मास्क_जीपीई=०एक्स६एफ टाका आणि अपडेट-ग्रब चालवा. हा आडमार्ग नाही. कर्नलच्या दस्तऐवजातच लिहिलंय की फर्मवेअरच्या अशा कार्यांमुळे घटनांचा पूर येऊ शकतो आणि तो रोखायला हा पर्याय ठेवला आहे. डॉक चालू मशीनला जोडायचाच असेल तेव्हा त्याच फायलीत 'अनमास्क' लिहा, डॉक ओळखला गेला की पुन्हा 'मास्क'.


जुनं_तेच_बरं · बुधवार, दुपारी ३:००

एवढा खटाटोप कशाला? ६.५ वर सगळं नीट चालत होतं. तोच धरून ठेवायचा, एपीटी-मार्क होल्ड. कामाच्या मशीनवर प्रयोग नकोत असं माझं प्रामाणिक मत आहे.


घाटमाथा · बुधवार, सायंकाळी ७:२५

कामाचं मशीन स्थिर असावं हे शंभर टक्के मान्य. पण ६.५ धरून ठेवण्यात धोका आहे. उबुंटू २२.०४ मध्ये ६.२, ६.५, ६.८ हे एचडब्ल्यूईच्या (नव्या हार्डवेअरसाठी नवे कर्नल देणाऱ्या) वाटेवरचे टप्पे. पुढचा टप्पा आला की मागच्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होतं. होल्ड केलेला ६.५ आज शांत असेल, पण त्यात सापडणारी प्रत्येक नवी भोकं तशीच राहणार.

ज्यांना खरंच जुनं आणि स्थिर हवंय त्यांच्यासाठी याच आवृत्तीचा मूळ कर्नल ५.१५ आहे. २२.०४ चा नेहमीचा आधार एप्रिल २०२७ पर्यंत, आणि तोवर ५.१५ ला दुरुस्त्या मिळत राहतात. एचडब्ल्यूईचं मेटापॅकेज काढून लिनक्स-जेनेरिक बसवलं की त्या वाटेवर जाता येतं. मशीन नवं नसेल तर हा पर्याय अगदी चांगला. ताईंचं मशीन आठव्या पिढीचं आहे, ५.१५ त्याला सहज पुरेल. पण त्यावरही ६एफ मोजून बघा, मग ठरवा.


रानवाट · बुधवार, रात्री ८:१५

एएमडीच्या लॅपटॉपवर माझा अनुभव जोडते. अपग्रेडनंतर व्हिडिओ बघताना ३० टक्क्यांच्या जागी ९० दिसू लागले. पर्फमध्ये नवीन काहीच नाही, तीच कार्यं, त्याच प्रमाणात. सीपीयूची गती बघितली तर ८०० मेगाहर्ट्झवर खिळलेली, आधी २.४ गिगाहर्ट्झ असायची. टक्के म्हणजे वेळेचा वाटा, कामाचं माप नव्हे. गती तिपटीने कमी झाली तर त्याच कामाला तिप्पट वेळ.

एएमडी-पीस्टेट हा ड्रायव्हर ५.१७ मध्ये आला आणि पुढे हळूहळू डीफॉल्ट होत गेला. त्यामुळे कर्नल बदलला की गती ठरवणारा ड्रायव्हरही बदललेला असू शकतो. सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो मध्ये ड्रायव्हरचं नाव आणि मर्यादा दिसतात. माझ्याकडे पॉवर प्रोफाइल 'पॉवर-सेव्हर' वर अडकलं होतं, 'बॅलन्स्ड' केल्यावर ३० वर आलं. काही लॅपटॉप अनोळखी किंवा कमी वॉटचा चार्जर लावला तरी गती अशीच दाबून ठेवतात, तेही बघावं.


कोकणकडा · बुधवार, रात्री ९:००

भाड्याच्या सर्व्हरवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून बघा. 'के' ने सुरू होणारं प्रत्येक नाव कर्नलचं नसतं. 'केडेव्हटीएमपीएफएस' हा खरा थ्रेड, शेवटी 'आय' लागून 'केडेव्हटीएमपीएफएसआय' झालं की तो चोरून नाणी खणणारा मालवेअर, उघड्या पडलेल्या रेडिस किंवा डॉकरमधून शिरलेला. 'केस्वॉपडी०' चं सोंगही असंच घेतात. खरा कर्नल थ्रेड पीएसमध्ये चौकटी कंसात दिसतो आणि त्याचा जनक प्रक्रिया क्रमांक २ असतो. कंसाचं सोंग आणता येतं, म्हणून /प्रॉक मध्ये त्याच्या क्रमांकाखालचा 'ईएक्सई' हा दुवा रूट होऊन बघा. कर्नल थ्रेडचा तो कुठेच जात नाही. एखाद्या फायलीकडे, त्यातही /टीएमपी मधल्या, जात असेल तर कर्नलचा विषय तिथेच सोडा आणि सर्व्हर नेटपासून तोडा.


फुलस्पीड · बुधवार, रात्री ९:४०

घाटमाथा, ६.५ च्या पुढे डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'हॉग्ड सीपीयू फॉर १०००० यूएस' अशा ओळी येतात, आय९१५ चं (इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं) नाव घेऊन. त्याचाही याच्याशी संबंध आहे का? माझ्या मशीनवर दोन-चार दिसतात.


घाटमाथा · बुधवार, रात्री १०:२०

ही ओळ ६.५ पासूनच छापली जाऊ लागली. एखादं काम केवर्करवर १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलं की कर्नल नाव सांगतो. रेंगाळणं पूर्वीही होत असेल, नोंद नव्हती. दिवसात दोन-चार ओळी आणि मशीन शांत, तर सोडून द्या. त्याच नावाच्या पुढचा आकडा सारखा दुप्पट होत चाललाय आणि पंखाही चालू आहे, तर तो तुमचा धागादोरा.

ताई, एक विनंती. हा बिघाड कळवा. लिनक्समध्ये 'आधी चालत होतं, आता चालत नाही' याला रिग्रेशन म्हणतात आणि लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांचा त्याबाबतचा नियम कडक आहे : वापरकर्त्याचं चालतं काम मोडायचं नाही. पण कुणी कळवलंच नाही तर तो नियम लागू कसा होणार? तुमच्याकडे तर तयार पुरावा आहे : दोन कर्नल, एकच बायोस, ३ आणि चाळीस लाख. उबुंटू-बग लिनक्स ही आज्ञा चालवली की लॉग आपोआप जोडले जातात. मुख्य कर्नलवाले विचारतील की त्यांच्या ताज्या, वितरणाने न बदललेल्या कर्नलवरही होतं का, म्हणून उबुंटूच्या मेनलाइन साठ्यातला एखादा बसवून बघून ठेवा. त्यासाठी सिक्युअर बूट तात्पुरता बंद करावा लागेल. सोबत एसीपीआयडंपची फाइल तयार ठेवा, त्यात बायोसमधली ती कार्यं असतात.

याच साठ्यातून ६.६ आणि ६.७ चालवून बघितले तर कुठल्या टप्प्यात बिघडलं तेही कळेल. त्यापुढे नेमका बदल शोधायला गिट बायसेक्ट. दोन आवृत्त्यांच्या मध्ये पंधरा हजारांच्या आसपास बदल असतात, दर वेळी निम्मे गाळले तर चौदा-एक बांधणीत (म्हणजे तितक्या वेळा कर्नल नव्याने तयार करून) नेमका सापडतो. लॅपटॉपवर एकेका बांधणीला बराच वेळ जाईल. तुमच्या कामाच्या दिवसांत तो खटाटोप नको. तुम्ही टप्पा शोधा, बांधणीला माझं डेस्कटॉप आहे. बांधलेली पॅकेजेस पाठवतो, तुम्ही फक्त बूट करून आकडा सांगायचा.


अक्षरजुळणी · गुरुवार, रात्री १०:५०

दादा, नक्की करू.

आजचा हिशोब : ग्रबमध्ये मास्कचा पर्याय टाकला. स्लीपमधून उठवूनही ६एफ 'मास्क्ड' राहतं, पंखा बंद. निर्मात्याच्या साइटवर या मॉडेलसाठी नवा बायोस नाही, एफडब्ल्यूयूपीडीमध्येही (फर्मवेअर अपडेट करणाऱ्या साधनात) काही दिसत नाही. मॉनिटर तूर्त एचडीएमआयवर घेतला, म्हणजे डॉकचा प्रश्न अंकांची कामं संपेपर्यंत आड येणार नाही.

५.१५ बसवून मोजलं : ६एफ मध्ये ३. मेनलाइनचा ६.६ : ३. ६.७ : ३. मेनलाइनचा ६.८, मास्क काढून : लॉगिन होईपर्यंतच लाखाच्या पुढे.

बग नोंदवला आहे, हे चारही आकडे आणि एसीपीआयडंप जोडून. डॉकचं निरीक्षणही लिहिलं. पहिली बांधणी ६.७ आणि ६.८ च्या मधली पाठवा. रविवारी दुपारनंतर मशीन मोकळं आहे.